‘जातो’ आणि ‘जाते’ यांच्यामध्ये

नागपुरात वर्धा रोडने विमानतळाच्या दिशेने निघाले, की उज्ज्वलनगरच्या मेट्रो स्थानकाच्या आसपास डावीकडे रेल्वेचे रूळ येतात. रूळ ओलांडले की मनीषनगर. त्यापुढे बेसा, बेलतरोडी. अपार्टमेंटांच्या रांगा, कोचिंग क्लासच्या पाट्या आणि जवळपास प्रत्येक फाटकावर ‘टू-लेट’चा एखादा कागद. मिहानमधल्या कंपन्यांत कामाला लागलेली, एम्समध्ये शिकायला आलेली तरुण मंडळी इकडेच भाड्याची घरे शोधतात. घर दाखवणाऱ्या दलालाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, भाड्याच्याही आधीचा: “फॅमिली की बॅचलर?”

रकाने दोनच. विधवा आई आणि मुलगा आले तर फॅमिली. दोन भाऊ आले तर बॅचलर. आणि तिशी उलटलेल्या, चांगल्या पगाराच्या दोन बाया एकत्र आल्या, की दलाल जरा थांबतो. “बहिणी आहात का जी?” त्या ‘हो’ म्हणाल्या तर किल्ली मिळते. ‘मैत्रिणी’ म्हणाल्या तर बॅचलरचे सगळे नियम लागू होतात: रात्री दहानंतर पाहुणे नकोत, गच्चीवर जाऊ नका, सोसायटीवाले बोंबलतात. या दोघी एकमेकींचा संसारही असू शकतात, हे उत्तर लिहायला त्याच्या वहीत जागा नसते. म्हणून कित्येक जोड्या मुकाट्याने बहिणी होतात आणि घर भाड्याने घेतात.

याच नागपुरात 2021 सरताना दोन महिला डॉक्टरांनी घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या. जानेवारी 2022मध्ये ती बातमी देशभर गेली. नाते उघड होते, घरची माणसे सोबत होती. कायद्याकडे मात्र त्या सोहळ्यासाठी शब्द नव्हता, आजही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी, नवतेज सिंग जोहर खटल्यात, प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या 377व्या कलमातून वगळले. पण 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात अशा विवाहाला मान्यता द्यायचे नाकारले. म्हणजे त्या दोघींचे प्रेम हा गुन्हा नाही, एका छताखाली राहणे हाही गुन्हा नाही; पण त्या एकमेकींच्या कोण, या प्रश्नाचे सरकारी कागदावर उत्तर नाही.

या प्रकरणात ज्या शब्दांची ओळख करून घ्यायची आहे, ते सगळे अशाच कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत. अवघड कोणताच नाही. अडचण होते ती वेगळ्याच कारणाने: प्रत्येक शब्द एकाच प्रश्नाचे उत्तर देतो आणि आपण त्याच उत्तरावर बाकीचे सगळे प्रश्नही सोडवून टाकतो. मुलगा नाजूक बोलतो, म्हणजे त्याला मुलगे आवडत असणार. साडी नेसणारी ही व्यक्ती जन्मतः पुरुष होती, म्हणजे ती ‘गे’ असणार. एवढ्याशा उडीत तीन-चार चुका झालेल्या असतात.

मुळात ‘लिंग’ हा शब्दच बघावा. मराठी शाळेत तो पहिल्यांदा भेटतो व्याकरणाच्या तासाला: तो दगड, ती वीट, ते घर. मग जीवशास्त्राच्या पुस्तकात तो शरीराचा अवयव होऊन येतो आणि वर्गात खसखस पिकते. देवळात तो पिंडीवर असतो. आणि कॉलेजच्या प्रवेश अर्जावर तो एक रकाना असतो, ज्यात पटकन खूण करून पुढे जायचे असते. एकाच शब्दाकडून भाषा इतकी कामे करून घेते, मग गोंधळ होणारच. म्हणून स्त्री-अभ्यास करणाऱ्या मंडळींनी ‘लिंगभाव’ हा शब्द रुजवला. शरीराचे ते लिंग. बाई असणे किंवा पुरुष असणे यांना समाजाने जे अर्थ चिकटवले आणि माणसाने ते आतून जसे अनुभवले, तो लिंगभाव. ‘मी कोण’ याचे ज्याच्या-त्याच्या मनातले उत्तर म्हणजे लिंगभावाची ओळख. आणि ‘मला कोणाची ओढ वाटते’ याचे उत्तर म्हणजे लैंगिक कल. शरीर, ओळख, ओढ. चौथी गोष्ट दिसण्या-वागण्याची: कपडे, केस, चाल, आवाज. या चारही गोष्टी एकाच माणसात असतात, पण एकीवरून दुसरी ओळखता येत नाही.

धावपटू द्युती चंदचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. 2014च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर तिला भारतीय चमूतून वगळले गेले. कारण तिच्या शरीरात पुरुषी समजल्या जाणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण स्त्री खेळाडूंसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. हा झाला शरीराचा प्रश्न. स्वतःच्या ओळखीबद्दल तिच्या मनात कधीच शंका नव्हती: ती स्त्री आहे, स्त्री म्हणूनच धावली. मग मे 2019मध्ये तिने जाहीर केले की आपल्याच गावच्या एका तरुणीवर आपले प्रेम आहे. तो लैंगिक कलाचा प्रश्न. अनेकांनी लगेच मागची बातमी आणि ही बातमी जोडली, ‘म्हणूनच तर’ असे म्हटले. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. जास्त संप्रेरक असलेल्या असंख्य स्त्रियांना पुरुष आवडतात आणि स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या रक्ततपासणीत काहीच वेगळे निघत नाही.

आता ‘ट्रान्स’. हा शब्द परका वाटतो, पण मनीषनगरच्या कोचिंग क्लासमधली अकरावी-बारावीची मुले तो रसायनशास्त्रात रोज म्हणतात: सिस आणि ट्रान्स, रेणूतले दोन गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला की समोरासमोरच्या बाजूंना. वनस्पती तुपाच्या डब्यावरचे ‘ट्रान्स फॅट’ तेही तेच. दोन्ही शब्द लॅटिन. सिस म्हणजे अलीकडे, ट्रान्स म्हणजे पलीकडे. मनीषनगरच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. त्याचा निम्मा पत्ता ‘रुळाच्या अलीकडे की पलीकडे’ यातच असतो. जन्माच्या वेळी दाईने किंवा डॉक्टरने जे सांगितले, ‘मुलगी झाली’ किंवा ‘मुलगा झाला’, त्याच बाजूला जो माणूस स्वतःला आतून पाहतो तो सिस. ज्याची स्वतःची ओळख त्या रेषेच्या पलीकडे आहे तो ट्रान्स. मराठीत त्याला पारलिंगी म्हणू लागले आहेत. जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली पण स्वतः स्त्री असलेली व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. उलट असेल तर ट्रान्स पुरुष. काहींना दोन्ही बाजू आपल्या वाटत नाहीत. त्यांच्यासाठी ‘नॉन-बायनरी’ हा शब्द जसाच्या तसा मराठीत आला आहे, आणि ‘टेबल’सारखा तोही टिकेल असे दिसते.

इथे शस्त्रक्रियेचा उल्लेख कुठेच आला नाही, हे मुद्दाम. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात हेच सांगितले: लिंगभावाची ओळख ही ज्याची त्याने ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात न्यायालयासमोर उभ्या होत्या. निकालपत्रात न्यायमूर्ती राधाकृष्णन यांनी लिंगभावाची ओळख आणि लैंगिक कल यांच्या वेगवेगळ्या व्याख्या दिल्या. त्यासाठी इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात 2006 साली जगभरच्या तज्ज्ञांनी तयार केलेल्या तत्त्वांचा आधार घेतला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या वेळी कायद्यातही फार टोकदारपणे दिसत होते. अवघ्या चार महिन्यांपूर्वी, डिसेंबर 2013मध्ये, त्याच न्यायालयाने 377वे कलम पुन्हा जिवंत केले होते. त्यामुळे पुढची चार वर्षे एखाद्या ट्रान्स स्त्रीची ओळख घटनेला मान्य होती आणि तिचे प्रेम मात्र गुन्हा ठरू शकत होते.

शरीराच्या बाबतीत आणखी एक शब्द हाताशी असायला हवा: इंटरसेक्स, मराठीत आंतरलिंगी. गुणसूत्रे, ग्रंथी, अवयव यांची रचना स्त्री किंवा पुरुष या ठरावीक साच्यात न बसणारी असते, तेव्हा हा शब्द लागतो. बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस शिपायाची हकिगत महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचली. जन्मतः मुलगी म्हणून नोंद, पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती. पुढे वैद्यकीय तपासण्यांत वाय गुणसूत्र आढळले. 2017मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तेव्हा अडचण निघाली: महिला म्हणून भरती झालेल्याला पुरुष म्हणून नोकरीत कसे ठेवायचे? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. 2018च्या मे महिन्यात सरकारने परवानगी दिली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मथळ्यांत सर्रास ‘लिंगबदल’ छापून आले. त्या शब्दाने वाचकाच्या मनात असे चित्र उभे राहते की एका बाईने ठरवले आणि ती पुरुष झाली. प्रत्यक्षात जन्माच्या दिवशी केलेली नोंदच अपुरी होती. शब्द जरा नेमका असता तर त्या माणसाला गावात कमी समजावून सांगावे लागले असते.

मराठीत या सगळ्याला आणखी एक पदर आहे, तो इंग्रजीत नाही. मराठी माणसाला ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक निवडावेच लागते. दर दोन वाक्यांनी. सकाळी दूधवाल्याशी, रिक्षात, आईशी फोनवर. इंग्रजीतला ‘आय’ हा तसा मोकळा आहे. त्यांचा सगळा वाद तिसऱ्या माणसाला ‘ही’ म्हणायचे की ‘शी’ यावर चालतो. आपल्याकडे पहिला पुरुषच अडून बसतो. घरी ‘मी येतो’ म्हणणारे आणि मोजक्या मैत्रिणींपाशी ‘मी येते’ म्हणणारे पोर रोज दोन क्रियापदांत राहत असते. चुकून घरी ‘येते’ निघाले, की जेवणाच्या ताटावर सगळे वर बघतात.

पण याच भाषेत आडोसेही आहेत. ‘मला उशीर होईल.’ ‘माझे जेवण झाले.’ ‘मला जायचे आहे.’ यांत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. ‘मी पत्र वाचले’ या वाक्यात क्रियापद पत्राकडे बघते, बोलणाऱ्याकडे नाही. ‘मी उद्या येईन, भाजी आणीन’ हा भविष्यकाळ तर सगळ्यांना सारखाच. ज्याला अजून कोणाला काही सांगायचे नाही, त्याला अशी वाक्ये निवडत वर्षानुवर्षे बोलता येते. कान देऊन ऐकणाऱ्या आईला एखाद वेळी ते उमगतेही. नागपुरी बोलण्यात मध्येच हिंदी शिरली की हा आडोसाही जातो. हिंदीत भविष्यकाळालाही ‘जाऊंगा’ किंवा ‘जाऊंगी’ करावे लागते.

बोलीभाषा आणखी उदार आहेत. कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत ‘मी आलो’ म्हणतात. वऱ्हाडातल्या खेड्यांतही बायकांच्या तोंडी ‘मी जातो’ ऐकू येते. त्या बायकांच्या बाईपणाला त्याने काडीचाही धक्का लागत नाही. क्रियापद आणि ओळख यांची गाठ पुस्तकी मराठीने जितकी घट्ट बांधली तितकी ती सगळीकडे नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. व्यवहारात नियम सोपा आहे: माणूस स्वतःसाठी जे क्रियापद वापरतो, तेच आपण त्याच्यासाठी वापरावे. कळत नसेल तर विचारावे. तेही जमत नसेल तर ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेतच. मराठीतले आदरार्थी बहुवचन अशा वेळी फार मदतीला येते.

दिसण्या-वागण्याचा प्रश्न महाराष्ट्राने रंगभूमीवर खूप जवळून पाहिला आहे. बालगंधर्वांची साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचे चालणे घरंदाज बायकांनी उचलले. ते रंगमंचावर स्त्री होते आणि घरी नारायणराव राजहंस. पूर्व विदर्भात खडी गंमत आणि दंडार हे लोकनाट्याचे प्रकार आहेत. त्यांत लुगडे नेसून नाचणारा पुरुषच असतो आणि खेळ संपला की तो सकाळी धानाच्या बांधीत उतरतो. त्याच्या कपड्यांवरून त्याच्या मनातली ओळखही कळत नाही आणि त्याची ओढही नाही. प्रेक्षक मात्र ही गल्लत करतात आणि त्याची किंमत कलावंताला मोजावी लागते. मराठी चित्रपटांत ‘नाच्या’च्या भूमिका अजरामर करणाऱ्या गणपत पाटलांच्या वाट्याला हेच आले. पडद्यावरची लचक लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेऊन पोहोचवली. ‘बायल्या’ ही शिवी अशीच चालते. ती कपड्यालाही लागते, आवाजालाही, प्रेमालाही आणि ओळखीलाही. चार वेगळ्या गोष्टींना एकच शिवी पुरते, म्हणून त्या चार गोष्टी एकच आहेत असे लहानपणापासून मनावर बसत जाते.

‘तृतीयपंथी’ हा मराठीतला सरकारी शब्द. राज्य सरकारचे 2024चे धोरणही याच नावाचे आहे. 2011च्या जनगणनेत पुरुष 1, स्त्री 2 आणि इतर 3 असे आकडे होते. देशभरात 4,87,803 माणसांची नोंद ‘इतर’मध्ये झाली, महाराष्ट्रात 40,891. हे आकडे ट्रान्स माणसांचे आहेत असे सहज म्हटले जाते, पण त्या रकान्यात ट्रान्स, आंतरलिंगी, हिजडा सगळेच एकत्र आणि स्वतःला सरळ ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहिणारी ट्रान्स माणसे त्याच्या बाहेर. ‘हिजडा’ हे एका जुन्या समुदायाचे नाव आहे: गुरू, चेले, घराणी, बधाईचे हक्काचे इलाखे, स्वतःची बोली. हिजडा समुदायात जाणाऱ्या बहुतेक व्यक्तींना ट्रान्स म्हणता येईल, पण प्रत्येक ट्रान्स स्त्री हिजडा नसते. बँकेत काम करणारी, कोणत्याही घराण्याशी संबंध नसलेली ट्रान्स स्त्री असते आणि ट्रान्स पुरुषांना तर या परंपरेत जागाच नाही. ‘किन्नर’ हा नागपूरकडे अधिक ऐकू येणारा, हिंदीतून आलेला सभ्य पर्याय. ‘जोगता’ पुन्हा वेगळा: सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला, देवीच्या नावाने साडी नेसणारा. या सगळ्यांना एका गाठोड्यात बांधले की प्रत्येकाचे काहीतरी हरवते.

शब्द किती दूरवर परिणाम करतो हे नागपूरने 2023 साली अनुभवले. घरोघरी समारंभात जाऊन आणि चौकांत सिग्नलवर थांबून पैशांसाठी अडवणूक होत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा पोलीस आयुक्तांनी 144 कलमाखाली मनाई आदेश काढला. नव्या अपार्टमेंटांच्या मनीषनगरसारख्या वस्त्यांत वास्तुशांत, बारसे सतत चालू असते. तिथे बोलावल्याशिवाय येऊन हजारो रुपये मागितले गेल्याची तक्रार खरी असू शकते. बळजबरीने पैसे उकळणे हा गुन्हाच आहे आणि तो कोणीही केला तरी गुन्हाच. पण आदेशात नाव घेतले गेले ते तृतीयपंथीयांचे. कृत्याऐवजी ओळख मनाईखाली आली. सिग्नलवर कधीही हात न पसरलेली, नोकरीला जाणारी एखादी ट्रान्स स्त्रीही त्या एका शब्दाने संशयित झाली.

त्याच शहरात, 2018च्या फेब्रुवारीत, विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर सदस्य म्हणून बसल्या होत्या. ट्रान्स व्यक्तीने त्या आसनावर बसण्याची राज्यातली ती पहिली वेळ. पक्षकार समोर येत होते, तडजोडी होत होत्या. त्याही आधी, 2016 साली, सारथी ट्रस्टच्या पुढाकाराने नागपूरची पहिली प्राइड पदयात्रा निघाली होती. या शहराने एकाच समुदायासाठी दोन्ही केले आहे, आसनही दिले आणि मनाईही.

ओढीच्या, म्हणजे लैंगिक कलाच्या शब्दांकडे येऊ. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द एखाद्या डॉक्टरने काढला असे वाटते, पण तो काढला कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकाने. 1869 साली त्याने प्रशियातल्या शिक्षेच्या कायद्याविरुद्ध पत्रके छापली आणि त्यांत हा शब्द वापरला. तोवर अशा माणसांसाठी कायद्यात आणि धर्मात फक्त शिव्या आणि पापांची नावे होती. शिक्षा रद्द करा असे म्हणायला आधी एक साधा, न दुखावणारा शब्द हवा होता. तो पुढे वैद्यकाने उचलला आणि त्याचे रोगाचे नाव केले. रोगांच्या यादीतून तो निघायला फार वेळ लागला: अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी 1973मध्ये काढला, जागतिक आरोग्य संघटनेने 1990मध्ये. भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये ‘बरे करण्याचे’ उपचार हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. तरीही ‘एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा’ हा सल्ला अजून पहिल्या दहा मिनिटांत मिळतो. डॉक्टरकडे जरूर जावे, पण मुलाची झोप उडाली असेल, भीती वाटत असेल, जीव नकोसा झाला असेल तर. त्याच्या ओढीवर औषध नाही, कारण ती आजार नाही.

मराठीत या प्रश्नांची उत्तरे छापण्याची हिंमत फार आधी झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचक त्यात मनातले प्रश्न विचारत, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे सरळ उत्तरे देत. 1934 साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांना शंका असतील आणि कोणी त्यांची ज्ञानाच्या आधारे उत्तरे देत असेल, तर ते लिखाण अश्लील कसे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ते खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मनीषनगरपासून दीक्षाभूमी काही किलोमीटरवर आहे. दरवर्षी लाखो लोक तिथे येतात. बाबासाहेबांनी या प्रश्नावर न्यायालयात उभे राहून भांडण केले होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना कोणी सांगितलेले असते. खरे तर ते शाळेत सांगायला हवे.

रोजच्या वापरात आता शब्द बऱ्यापैकी स्थिरावले आहेत. पुरुषाची ओढ असलेला पुरुष ‘गे’, स्त्रीची ओढ असलेली स्त्री ‘लेस्बियन’. हा दुसरा शब्द ग्रीक कवयित्री सॅफोच्या लेस्बॉस बेटावरून आला. दोघांना मिळून समलिंगी. ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ यांत फरक करायचा तर पहिला शब्द माणसासाठी आणि दुसरा संबंधासाठी बरा पडतो, पण दोन्ही चालतात. ज्यांना स्त्री आणि पुरुष दोघांचीही ओढ वाटू शकते त्यांच्यासाठी ‘उभयलिंगी’ हा शब्द पुष्कळ जण वापरतात. इथे मात्र सावध राहावे. शाळेच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असते, म्हणजे एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही. तोच शब्द माणसाच्या ओढीला लावला की ऐकणारा शरीराचाच विचार करतो. त्यापेक्षा ‘बायसेक्शुअल’ परवडला. ज्यांना लैंगिक ओढ फारशी वाटतच नाही ते अलैंगिक. त्यांना प्रेम, सोबत, संसार हवासा वाटू शकतो. ‘क्वीअर’ ही एके काळी शिवी होती, ती ज्यांना दिली जाई त्यांनीच ती उचलून तिलाच स्वतःचे नाव केले. एलजीबीटीक्यूआयए ही अक्षरांची आगगाडी पाहून दचकायचे कारण नाही. पहिले तीन डबे ओढीचे, टी ओळखीचा, आय शरीराचा. एकाच माणसाला दोन डब्यांत जागा असू शकते: ट्रान्स स्त्री स्त्रीवर प्रेम करत असेल तर ती ट्रान्सही आहे आणि लेस्बियनही.

राहिला एक प्रश्न: यातला शब्द कोणासाठी कोणता, हे ठरवणार कोण? याचे दोन वेगळे निवाडे आपल्या आसपासच झाले आहेत. नागपूरच्या उत्तरेला मध्य प्रदेशात कटनी शहर आहे. तिथल्या लोकांनी कमला जान यांना महापौर म्हणून निवडून दिले. पद स्त्रियांसाठी राखीव होते. निवडणूक न्यायालयात गेली आणि 2003 साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सांगितले की हिजडा व्यक्ती ही पुरुषच, त्यामुळे स्त्रीसाठी राखीव पदावर तिला बसता येणार नाही. लोकांनी दिलेली खुर्ची गेली. न्यायालयाने शरीराच्या प्रश्नाचे उत्तर घेतले आणि त्यावरच ओळखीचा प्रश्न निकाली काढला.

अठरा वर्षांनी जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ लिहिले. अधिकाऱ्याने अर्ज बाद केला: तृतीयपंथीयांसाठी या जागेत तरतूद नाही. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी 2021च्या पहिल्याच आठवड्यात निकाल लागला. मधल्या काळात नाल्सा निकाल आला होता, ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांचा 2019चा कायदा झाला होता, आणि दोन्हींत स्वतःला जाणवलेल्या लिंगभावाच्या ओळखीचा हक्क मान्य केलेला होता. अंजली यांनी न्यायालयाला सांगितले की आपण स्त्री आहोत आणि सोयीसाठी ही ओळख पुढे कधी बदलणार नाही. न्यायालयाने अर्ज ग्राह्य धरायला सांगितले. मतदान झाले, मतमोजणी झाली, आणि भादलीच्या मतदारांनी त्या राखीव जागेवर अंजली यांना निवडून दिले.